अदृश्य माणसानंही दारात आगो म्हणावं

बुधवार, ६ मार्च

स्वातंत्र्यदिन. सुट्टी. घाना केव्हाच स्वतंत्र झाला, मी अजून मेहुण्यापासून झालेलो नाही. पण ते घरगुती. या वहीत घरगुती काही लिहायचं नाही.

आजपासून फक्त मत. पस्तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोय. अख्ख्या कुमासीत माझ्याइतक्या टीव्हींच्या पोटात हात घातलेला माणूस सापडणार नाही. अशा माणसाचं मालिकांबद्दल मत असणार की नसणार? तर बुधवारी मालिका बघायची, मत लिहून काढायचं, आणि गुरुवारी सकाळी रेडिओवर 'प्रेक्षक बोलतात'मध्ये फोन लावायचा. दुकानात तसंही कोणी येत नाही. पातळ टीव्ही बिघडला की लोक टाकून देतात.

संध्याकाळी सात. 'पाच जण', भाग पहिला. केजेतियाच्या बाजारात उभ्या असलेल्या ट्रोट्रोवर वीज पडते आणि आतल्या पाच प्रवाशांना शक्ती येतात. केळीवाली मोटार उचलते. शाळामास्तराला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. एक मुलगी पाऊस थांबवते. एका म्हाताऱ्याला उद्याचं दिसतं. आणि मागच्या सीटवरचा पोरगा, पंचविशीतला, अदृश्य होतो. मग नुसता त्याचा आवाज.

आवाज बरा आहे.

आफ्राकोमा, माझी बायको, मधेच उठून आत गेली. डोकं दुखतंय म्हणाली.

शंभरपैकी अठ्ठेचाळीस.

गुरुवार, ७ मार्च

फोन लागला. माझ्याआधी एक पाद्री होता, त्याच्या मते हा सगळा जादूटोणा. मग एकजण म्हणाला, उद्याचं दिसणाऱ्या म्हाताऱ्यानं लॉटरीचा आकडा सांगावा, नाहीतर तो बघणार नाही. असले प्रेक्षक. मी शास्त्रीय मुद्दा मांडला की गाडीवर वीज पडली तर ती पत्र्यावरून जमिनीत जाते, आतल्या माणसाला काही होत नाही. निवेदक ओब्रेम्पोंग म्हणाला, मास्टर, काहीच झालं नसतं तर मालिका कशावर काढली असती?

मान्सा म्हणाली, रेडिओवर तुमचा आवाज तरुण वाटतो. मान्सा शेजारीण. फुफू विकते, कसाव्याचा कंद कांडून केलेले गोळे. आमचं आणि तिचं अंगण एकच, आणि तिची खिडकी आमच्या दाराला चिकटून. ती चेष्टेनं बोलली नसावी.

रविवार, १० मार्च

दोंकोर आला होता. आफ्राकोमाचा थोरला भाऊ, आमच्या मुलाचा, फोसुचा, मामा, त्या घराण्याचा कर्ता. आमच्यात मूल आईच्या घराण्याचं. बापानं दोनच गोष्टी द्यायच्या, जन्मल्यावर नाव आणि मेल्यावर शवपेटी. नाव मी दिलेलं आहे. क्वाकू फोसु. क्वाकू म्हणजे बुधवारचा. मालिकाही बुधवारीच लागते, हे कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

दोंकोर म्हणाला, मास्टर, तीन वर्षं होत आली. त्या बुडालेल्या बोटीतून वाचलेला माणूस माझ्या ओसरीवर बसून सगळं सांगून गेला. बहीण माझ्याकडे सुतकाचं काळं नेसायची परवानगी मागते. तुम्ही पेटी दिल्याशिवाय मी विधी कसा करू, सांगा.

मी विचारलं, पेटीत ठेवणार काय?

म्हणाला, कपडे. अंग नसलं की कपडे ठेवतात, तुम्हाला का ठाऊक नाही.

मी म्हणालो, तो बोटीतला माणूस खोटारडा आहे. लहानपणी त्यानं माझ्या दुकानातून स्क्रूड्रायव्हर चोरला होता.

दोंकोर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, स्क्रूड्रायव्हर. आणि टोपी घालून गेला.

घरगुती लिहायचं नाही असं ठरलं होतं. हे शेवटचं.

बुधवार, १३ मार्च

भाग दुसरा. फार मोठी चूक सापडली.

अदृश्य पोरगा खुशाल लोकांच्या घरात घुसतो. परक्याच्या, मावशीच्या, कोणाच्याही. आपल्याकडे? दारात थांबून 'आगो' म्हणायचं, आतून 'आमे' आलं की मग पाऊल टाकायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अंग दिसत नाही म्हणून रीत सोडायची? उलट जो दिसत नाही त्यानं दोनदा म्हणावं. नाहीतर घरच्यांना कळणार कसं की तो आलाय.

वरचं वाक्य दोनदा अधोरेखित केलं. पेन रुतलं कागदात.

शंभरपैकी एकतीस.

गुरुवार, १४ मार्च

फोनवर मुद्दा मांडला. ओब्रेम्पोंग हसत सुटला, मागे स्टुडिओतले इतरही हसले. म्हणाला, मास्टर, तो लपून शिरतो. आगो म्हणाला तर अदृश्य असण्याचा फायदा काय? मी म्हणालो, जो दिसत नाही तो प्रत्येकजण चोर नसतो. मग जाहिरात लागली. माझ्यानंतर नेमकी जाहिरात लागते.

आफ्राकोमा अंगणात भांडी घासत ऐकत होती. एकच पातेलं बराच वेळ घासत होती.

बुधवार, २० मार्च

भाग तिसरा. मास्तराला बाजारातल्या लोकांच्या मनातलं ऐकू येतं, तेही इंग्रजीत. केजेतियात कोण इंग्रजीत विचार करतं? मान्साचं मत वेगळंच. ती म्हणाली, केळीवाली मोटार उचलते ते पटलं, पण दिवसभर एकही गिऱ्हाईक तिच्याशी घासाघीस करत नाही, हे काही पटलं नाही.

पोरगा आजही आगो म्हणाला नाही. शंभरपैकी तीस. एक गुण शिक्षा म्हणून कापला.

बुधवार, २७ मार्च, ७.४०

म्हणाला.

भाग चौथा. पोरगा स्वतःच्या आईच्या दाराशी येतो. दार दिसतं, तो दिसत नाही. आणि म्हणतो, आगो. अक्रातल्या बड्या लोकांना इथल्या ताफो वस्तीतल्या कारागिराचं ऐकावं लागलं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो.

आणि तेव्हाच आमच्या दारातून आलं. बाहेरून. तोच आवाज. आगो. टीव्हीनंतर चार सेकंदांनी. घड्याळ पाहिलं नाही, पण माझ्या धंद्यातल्या माणसाच्या अंगात सेकंद असतात.

मी आमे म्हणालो. दार उघडलं. अंगणात कोणी नाही. मान्साच्या खिडकीत तिचा टीव्ही चालू, कुंपणाशी शेळी.

मागे वळलो तर आफ्राकोमा रश्श्याचा वाडगा धरून उभी. रस्सा तिच्या मनगटावरून खाली गळत होता, तिला पत्ता नव्हता.

नंतर मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

गुरुवार, २८ मार्च

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तपासणी रीतसर केली पाहिजे.

प्रतिध्वनी? अंगण दहा पावलांचं, प्रतिध्वनी एवढा रेंगाळत नाही. बाद. मान्साचा टीव्ही? तिच्याकडे डिशची छत्री आहे, आमच्याकडे साधा अँटेना. छत्रीवरून आलेलं चित्र जरा मागे पडतं, हे मी स्वतः शेकडो गिऱ्हाइकांना समजावून सांगितलंय. पण चार सेकंद? फार तर तीन. बाद.

राहिलेली शक्यता लिहीत नाही.

रविवार, ३१ मार्च

काल झोपण्याआधी उंबऱ्यात कसाव्याचं पीठ पसरून ठेवलं होतं. माणूस अदृश्य झाला तरी त्याला वजन असणार, पाऊल उमटणार. मालिकेत हे दाखवत नाहीत, म्हणून प्रयोग.

सकाळी पावलं होती. स्पष्ट. आत येणारी आणि बाहेर जाणारी. शेळीची.

आफ्राकोमा झाडू घेऊन आली. काही विचारलं नाही, पीठ गोळा केलं. म्हणाली, पुढच्या वेळी राख वापरा, शेळीला राख आवडत नाही.

निष्कर्ष: प्रयोग अपुरा.

बुधवार, ३ एप्रिल

सातला पाच कमी असताना लाईट गेली. अख्खं ताफो अंधारात. आमचा टीव्ही बंद. दोघं बाकावर बसून राहिलो. मान्सानं तिचा जनरेटर लावला, त्याची घरघर चालू होती. त्याचा इथं संबंध नाही.

सव्वासातला दारातून आलं, आगो.

आमच्या टीव्हीत वीज नाही. चित्र नाही, आवाज नाही. तरी आगो. आता बोला.

मी आमे म्हणालो. आत ये, म्हणालो. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं आणि मगच कामाचं विचारायचं, म्हणून पेला भरून दाराशी ठेवला. आफ्राकोमा म्हणाली, अहो, बसा ना खाली. मी म्हणालो, घाबरू नकोस. ती म्हणाली, मी घाबरत नाहीये, मला तुमच्याकडे बघवत नाहीये.

गुरुवार, ४ एप्रिल

आज रेडिओवर मोठा वाद. अदृश्य पोरगा जिवंत की मेलेला?

मान्सानंसुद्धा फोन केला. तिच्या खोलीतून. मला ती एकदा भिंतीतून ऐकू येत होती आणि मग थोड्या वेळानं तेच रेडिओतून. म्हणाली, तो वीज पडली तेव्हाच मेलाय. फक्त त्याला कोणी सांगितलेलं नाही आणि त्याच्या आईलाही कोणी सांगू देत नाही. म्हणून बिचारा दारोदार आगो म्हणत फिरतोय, कोणीतरी एकदा नीट निरोप देईल म्हणून.

एकोणीस फोन आले. सतरा जण म्हणाले मेलाय. पाद्री म्हणाला जादूटोणा. राहिलो मी. मी म्हणालो, तेराव्या भागात तो सगळ्यांना दिसेल, आणि त्या दिवशी मी या सतरा जणांची नावं घेऊन त्यांना फोनवरून माफी मागायला लावीन.

ओब्रेम्पोंग एकदम हळू आवाजात म्हणाला, मास्टर, घरी सगळं ठीक आहे ना? प्रेक्षकांच्या घरची चौकशी करणं हे निवेदकाचं काम नाही. मी तसं सुनावलं. जाहिरात.

रविवार, ७ एप्रिल

फुफू कांडायला दोन माणसं लागतात. एकानं उभं राहून मुसळ मारायचं, दुसऱ्यानं बसून उखळीत हात घालून गोळा फिरवायचा. फोसु मारायचा आणि आफ्राकोमा फिरवायची. दोघं एकमेकांकडे बघायचीसुद्धा नाहीत, गप्पा मारत असायची, आणि कधी बोटाला ओरखडा नाही. तीन वर्षं आम्ही मान्साकडून विकत आणतो.

आज मी ठरवलं की मी मारणार. त्यात काय एवढं. ताल सांभाळायचा, बस. तिसऱ्याच घावाला मुसळ तिच्या बोटावर.

तेव्हा ती रडली नाही. बोट ओल्या फडक्यात गुंडाळलं, मुसळ भिंतीला टेकवलं आणि मग रडली. म्हणाली, बोटासाठी नाही रडत. मला काळं नेसू द्या. बाजारात बायका विचारतात, फोसु कसा आहे. मी काय सांगू? बरा आहे म्हणू? गेला म्हणू? माझ्या तोंडात दोन्ही शब्द बसत नाहीत.

मी म्हणालो, मालिका संपू दे. तेरा भाग. एकोणतीस मेला शेवटचा. तो पोरगा दिसला तर आपण थांबायचं. नाही दिसला तर मी पेटी देतो.

हे बोलल्यावर मलाच ते कसंतरी वाटलं. पण ती हसली नाही, चिडलीही नाही. बराच वेळ बोट धरून बसली. मग म्हणाली, बरं. तेरा भाग.

आणि उठून मान्साकडे गेली. बोटाला लावायला काहीतरी आणायला गेली असेल. परत आली तेव्हा हातात काही नव्हतं.

बुधवार, १० एप्रिल

आगो आज खणखणीत आला. आधी भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटायचा. आज अगदी उंबऱ्यातून.

जवळ येतोय.

आमे म्हणालो आणि जेवलो. आफ्राकोमानं मासा घातला होता. जेवत होतो तेव्हा ती समोर बसून माझ्या वाडग्याकडे बघत होती.

बुधवार, १७ एप्रिल

भाग सातवा. त्या पोराच्या बापाचं मागचं दाखवायला सुरुवात केली. बाप दुकानात बसलाय, पोरगा समोर उभा. बाप तोंड उघडतो.

मी टीव्ही बंद केला. दारातून काय आलं असेल ते आलं असेल, मी तोवर मोरीत होतो, नळ सोडून.

मत: लेखकाला बाप म्हणजे काय ते कळत नाही. शून्य.

शुक्रवार, १९ एप्रिल

गुड फ्रायडे. सगळे चर्चमध्ये. मी दुकानात, शटर अर्धं खाली. काल रेडिओवर फोन केला नाही. घसा बसला होता.

उगाच पुढेमागे गैरसमज नको म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

फोसुनं माझा ऑसिलोस्कोप विकला. वाळवंटातून युरोपकडे नेणाऱ्या माणसाला पैसे द्यायला. बिघाड शोधायचं ते यंत्र माझ्या उस्तादानं मला दिलं होतं, त्याच्यावर मी निम्मं शहर दुरुस्त केलं. मी म्हणालो, पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर दिसू नकोस. एवढंच. हे कोणता बाप म्हणत नाही? आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी कोणीतरी कोणालातरी म्हणत असतं. त्यांची पोरं जेवायच्या वेळेला बरोबर दिसतात.

मग तो पिशवी घेऊन दुकानाच्या दारात आला. आमच्यात निघताना नुसतं उठून जात नाहीत, रस्ता मागतात. मी निघतो, रस्ता द्या, म्हणायचं. बसलेल्यानं म्हणायचं, अर्धा दिला. अर्धा द्यायचा, अर्धा ठेवून घ्यायचा, म्हणजे जाणाऱ्याला परत यावं लागतं. त्यानं रीतीप्रमाणे मागितला. चिडलेला होता तरी मागितला.

मी पडद्यावरून मान वर केली नाही. म्हणालो, पूर्ण घे.

विनोदानं म्हणालो. मी विनोदी स्वभावाचा आहे हे ताफोत सगळ्यांना ठाऊक आहे.

बुधवार, २४ एप्रिल

मान्साच्या टीव्हीचा आवाज फार वाढलाय. बाकी सहा दिवस तो कुजबुजतो, आणि बुधवारी सात ते आठ भिंत हलवतो. मला मालिकेवर लक्ष देता येत नाही. आठ वाजता जाऊन तक्रार केली.

ती फुफूच्या पाटीशी उभी होती. म्हणाली, मास्टर, आवाजाचं आपल्या घरात विचारा. मी म्हणालो, माझ्या घरात काय विचारू, टीव्ही तुझा. ती म्हणाली, तुम्ही पस्तीस वर्षं लोकांच्या टीव्हीत डोकं घातलंत, जरा तुमच्या घरातही घाला. आणि पाटीवर फडकं टाकून आत गेली.

बाई पहिल्यापासून विचित्र आहे.

आगो आज आला. फार मोठा. आता अगदी खांद्यापाशी.

बुधवार, ८ मे

भाग दहावा. तयारी पूर्ण.

फोसुची खोली रंगवली. चौकटीवर त्याच्या उंचीची शेवटची खूण आहे, पाच फूट नऊ. तेवढी सोडून भोवतीनं रंग दिला. आफ्राकोमा म्हणाली, रंग छान आहे. मग खुणेवर हात ठेवून उभी राहिली.

तो दिसला की काय बोलायचं ते ठरवलं. पहिल्या दिवशी रागवायचं नाही. ऑसिलोस्कोपचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं काढायला हरकत नाही.

बुधवार, २२ मे

सात वाजता टीव्हीवर पाद्री. मालिकेतला नव्हे, खरा. प्रवचन. सात वीसला प्रवचन. साडेसातला खाली पट्टी फिरली: 'पाच जण' काही कारणास्तव बंद करण्यात येत आहे.

तेरा भाग म्हणाले होते. अकरा झाले.

मी बसून राहिलो. दारातून काही आलं नाही. आठ वाजता, कोणी आगो म्हणालेलं नसताना, मी एकदा आमे म्हणून पाहिलं. आफ्राकोमानं वाडगा पुढे सरकवला. मी जेवलो नाही.

गुरुवार, २३ मे

ओब्रेम्पोंगनं मालिकेच्या लेखिकेला अक्राहून फोनवर आणलं होतं. आवाजावरून अगदी लहान वाटली. म्हणाली, जाहिराती मिळेनात म्हणून बंद केली.

मी विचारलं, पोरगा शेवटी दिसणार होता की नाही?

ती म्हणाली, खरं सांगू? ते अजून लिहिलंच नव्हतं.

मी म्हणालो, निदान आगो तरी माझं ऐकून घातलं होतं ना? तिला काही कळेना. ओब्रेम्पोंगनं समजावून सांगितलं. मग ती म्हणाली, ते त्या नटाच्या तोंडून आपोआप निघालं, दार दिसलं की त्याला राहवत नाही. तुमचं स्टेशन अक्रात लागत नाही हो.

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला. तीच म्हणाली, बाबा, तुम्हाला काय वाटतं, तो दिसायला हवा होता का?

अडीच महिने मी मत सांगत होतो. विचारलं कोणी नव्हतं. मी फोन ठेवला.

रविवार, २६ मे

दारात आगो. दोंकोरचा आवाज, त्यात शंका नव्हती. मी आमे म्हणायला उशीर लावला. त्याला पाणी दिलं.

मुद्दे तयार होते. करार तेरा भागांचा होता, अकराच झाले, त्यामुळे करार लागू होत नाही. कागदावर लिहून खिशात ठेवले होते. दोंकोर पाणी पीत होता आणि आफ्राकोमा त्याच्या शेजारी बसली होती, दोन्ही हात मांडीवर. ते बोट अजून सरळ होत नाही.

मी कागद बाहेर काढला नाही. विचारलं, सुतार कुठला?

सोमवार, ३ जून

सुतारानं लांबी विचारली. पाच फूट नऊ सांगितली. त्यानं लिहूनही घेतली. मग वाटलं, चुकली तर? घरी येऊन चौकटीवरची खूण पुन्हा मोजली आणि परत जाऊन सांगितलं की बरोबर आहे. तो म्हणाला, मास्टर, कपडेच ठेवायचेत ना, दोन बोटं इकडेतिकडे चालतील. मी म्हणालो, चालणार नाहीत.

शनिवार, ८ जून

विधी झाला. आफ्राकोमानं काळं नेसलं. बाजारातल्या बायका आल्या आणि तिला मधे घेऊन बसल्या. ती मोठ्यानं रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला फोसुचं नाव मोठ्यानं घेताना ऐकलं.

पेटीत त्याचे दोन शर्ट, चर्चची पँट आणि माझ्याकडचा लहान स्क्रूड्रायव्हर. तो त्याच्या हाताचा होता.

शेवटी एकेकानं पुढे होऊन त्याला रस्ता द्यायचा होता. दोंकोरनं दिला, मान्सानं दिला. माझी पाळी आली. माझ्या तोंडून निघालं, अर्धा दिला.

दोंकोर कानाशी वाकून म्हणाला, मास्टर, गेलेल्याला पूर्ण द्यायचा असतो.

मी म्हणालो, पूर्ण मी त्याला तेव्हाच दिला होता.

दोंकोरनं माझा दंड धरला आणि धरून ठेवला. पेटी उचलली. दोघांना सहज झेपली असती, तरी सहा जणांनी नेली.

बुधवार, १२ जून

टीव्ही लावला नाही. झाकण काढून ठेवलंय, आत धूळ साचलीय. आजपासून बुधवारी मालिका बघायची नाही, रेडिओला फोन करायचा नाही, दुकान वेळेवर उघडायचं.

सव्वासातला दारातून आलं, आगो.

'पाच जण' पुन्हा दाखवायला लागलेत, मधूनच कुठूनतरी. मी जागचा हललो नाही. उत्तर दिलं नाही. शेवटी मी तंत्रज्ञ माणूस आहे.

आफ्राकोमा काळ्या वस्त्रात बसून मिरच्या वाटत होती. मान वर न करता ती म्हणाली, आमे.

मी तिला शांतपणे समजावून सांगितलं. मान्साचा टीव्ही आहे तो. छत्रीवरून येतं ना, म्हणून चार सेकंद मागे पडतं. त्यात काही नाही.

ती म्हणाली, ठाऊक आहे. एप्रिलात मीच तिला सांगून आले होते, बुधवारी आवाज मोठा ठेव म्हणून. आगो आला की तुम्ही जेवायचात. मिरच्या वाटत राहिली. मग म्हणाली, आणि मलाही ऐकायचा असायचा.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, आता बंद करायला सांगू का तिला?

मी म्हणालो, अर्धा ठेवायला सांग.